भैयासाहेबांचं भिंग

आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला, पण त्यातला एकच असा, की जो विणून, इस्त्री करून, घडी घालून नागपूरच्या इतवारीच्या दुकानांत विकायला आला. विसाव्या वर्षी मी आमच्या घरचा करवतकाठ चौकड्यांच्या कागदावर जसाच्या तसा उतरवला, शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर मारली आणि तो कागद एका मिलमालकाच्या हातात दिला. वर त्यांनाच थँक्यू म्हणाले. कागद दिल्याचं वाईट वाटतंच, पण त्या थँक्यूची मला आजही जास्त लाज वाटते.

माझ्या नातीला काठ म्हणजे साडीची नुसती कड वाटते, म्हणून सांगून ठेवते. करवतकाठ म्हणजे करवतीसारखे दात असलेला काठ. टिमकी या आमच्या वस्तीत आम्हा विणकरांच्या प्रत्येक घराची त्या काठात एक खूण असे. कुणी एक पिवळा धागा सोडी, कुणी दोन दातांच्या मध्ये ठिपका भरी. आमच्या घरी दर एकविसावा दात आखूड. कधी काळी माझ्या पणजोबांच्या हातून चूक झाली, गिऱ्हाइकानं ती खूण समजून पुन्हा तसलंच लुगडं मागितलं, आणि तेव्हापासून ती चूक हीच आमची रीत झाली. घरचा काठ बाहेर सांगायचा नसतो. जावयालासुद्धा नाही. माझ्या आत्याच्या नवऱ्यानं लग्नानंतर सात वर्षं चहा पिता पिता आडून आडून विचारून पाहिलं. सात वर्षं त्यांना नुसता चहाच मिळाला.

आणि मी तो काठ भैयासाहेबांना दिला.

भैयासाहेब आमच्या नागपुरातल्या एका मिलचे मालक. वडिलांनी त्यांना विणकाम शिकायला फ्रान्समध्ये लियाँ नावाच्या गावी धाडलं होतं. तिथून ते तीन वर्षांनी परतले, असं सगळे म्हणत. माझ्या मते ते पुरते कधी परतलेच नाहीत. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘फ्रान्समध्ये’ या शब्दानं सुरू होई. मे महिन्यात जेव्हा अख्खं नागपूर वाळ्याच्या ताट्यांआड निपचित पडलेलं असे, तेव्हा हे लोकरीचा कोट आणि गळपट्टी घालून खात्याखात्यांतून हिंडत. हनुवटीवरून घाम टपटप गळे. कुणी काळजीनं विचारलंच तर सांगत, की फ्रान्समध्ये कारखानदार माणसांसमोर कोट काढत नाही. साच्यावरची, म्हणजे यंत्रमागावरची, माणसं मागे म्हणत, तिथलं ऊनबी कोट घालूनच येत असन.

कोटाच्या खिशात एक पितळी भिंग असे. घडीचं, चौकोनी. कापडावर उभं केलं की इंचभर जागेतली सुतं मोजता येत. ते भिंग हीच भैयासाहेबांची खरी नजर. माणसाकडे ते उघड्या डोळ्यांनी बघत, म्हणजे जवळजवळ बघतच नसत. कापड दिसलं की मात्र हात खिशात जाई. एका लग्नात अक्षता पडत असताना त्यांनी नवरीच्या शालूला भिंग लावलं आणि मुलीच्या बापाला, निम्म्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, दुकानदारानं फसवल्याचं सांगितलं.

त्याहून वरताण म्हणजे मुनीमजींचं मरण. मिलचे म्हातारे मुनीम वारले. भैयासाहेब हार घेऊन घरी गेले, हात जोडले, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोर कफन. ते हळूच गुडघ्यावर बसले आणि मुनीमजींच्या छातीशी वाकले. मालक रडताहेत असं वाटून मुनीमजींच्या मुलानं हंबरडा फोडला. भैयासाहेब उठले, भिंगाची घडी घातली, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आपल्या मिलचं नाही.” दुसऱ्या दिवशी मिलचं एक नवं ठाण सांत्वनाच्या चिठ्ठीसह त्या घरी पोचलं. ते कुणासाठी होतं, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

असल्या माणसावर मी लट्टू होते. तसली लट्टू नव्हे, त्यांचं वय पंचेचाळीस होतं आणि कानांत केस होते. पण मी टिमकीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, मिलच्या नक्षीखात्यात नोकरीला, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ. ते चालत नाही हे कुणाला कळू नये म्हणून मी ते बघून सारखी घाई करत असे. घरी मायची भाषा सुधारायचा मी विडाच उचलला होता. ती ‘मले’ म्हणाली, की मी म्हणे, मले नाही, मला. माय गरीबपणे म्हणे, “बरं, मला. आता तुले पोळी वाढू का तुला वाढू, ते सांग.”

भैयासाहेब मला ‘मादमाझेल’ म्हणत. हेडक्लार्कला मी अर्थ विचारला, तर तो म्हणाला, कुमारी. तरी मी तो शब्द वहीच्या मागच्या पानावर वीसदा लिहून काढला. कुमारी लिहायला सांगितलं असतं तर एकदाही लिहिला नसता.

स्वातंत्र्य येऊन चारपाच वर्षं झाली होती, आता पहिली निवडणूक आली. नागपूर तेव्हा राज्याची राजधानी. मंत्र्यांच्या मोटारी आमच्या मिलच्या फाटकावरून जात आणि भैयासाहेब खिडकीतून बघत राहत. आत बसलेल्या कुणाच्याच अंगात कोट नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. एका सोमवारी ते हातमागाचं धोतर नेसून आले. धोतरावर विश्वास नव्हता म्हणून कमरेला चामड्याचा पट्टा. त्या दिवसापासून ‘फ्रान्समध्ये’ बंद झालं आणि ‘आपल्या गरीब देशात’ सुरू झालं. गंमत अशी की त्यांच्या मतदारसंघात निम्मी मतं विणकरांची. मिलच्या स्वस्त लुगड्यांपायी ज्यांचे माग गप्प पडत चालले होते, नेमक्या त्यांच्याच मतांवर यांना निवडून यायचं होतं.

त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि घरी आम्ही कसं बोलतो ते शिकवायला सांगितलं. जिभेवरून जे पुसून काढायला मला दोन वर्षं लागली होती, ते मी दुपारी दोन ते तीन, काळ्या कॉफीच्या वासात, त्यांना शिकवू लागले. तीनला तिथून निघायचं आणि सहाला घरी जाऊन मायला त्याच बोलण्यावरून टोकायचं. ते वहीत टिपून घेत, आरशासमोर म्हणून बघत. “मले तुमचं दुःख समजते, बाप्पा.” मी म्हणे, बाप्पा जरा ओढून म्हणा. दुःख कसं म्हणायचं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही शिकवलं नाही.

प्रचारात ते आमच्या घरी आले. फोटोग्राफर घेऊनच. भैयासाहेब हातमागावर बसले आहेत असा फोटो हवा होता. आमचा खड्ड्याचा माग, म्हणजे जमिनीवर बसून पाय खाली खड्ड्यात सोडायचे. बाबा उठून बाजूला झाले. लियाँला शिकलेल्या या माणसानं आडवं सूत नेणारा धोटा ऐटीत फेकला, तो ताण्याच्या उभ्या सुतांतून निसटून थेट चुलीपाशी गेला आणि जाता जाता सात सुतं तोडून गेला. फोटोग्राफर म्हणाला, हसत राहा. ते अर्धा तास हसत राहिले. उठायला गेले तर पायांना मुंग्या. शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्यांना उपसून काढलं. फोटोग्राफरनं तोही फोटो घेतला आणि आठ दिवसांनी तो विरोधी उमेदवाराच्या पत्रकावर झळकला. बाबा मात्र ती दुपारभर तुटलेली सुतं जोडत बसले होते.

पण एक गोष्ट मी पाहिली, ती सांगायलाच हवी. निघताना भैयासाहेबांनी मागावरच्या काठाला भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. मतं गेली, फोटो गेला, पाहुणेपण गेलं. ओठांतल्या ओठांत ते फ्रेंचमध्ये आकडे मोजत होते. मग त्यांनी बाबांना विचारलं, की हा एक दात आखूड का. बाबा म्हणाले, “तसाच असते.” आणि त्यांना चहा दिला.

जे बाबांनी दिलं नाही ते मागायला भैयासाहेबांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. तुमच्या वडिलांची कला कागदावर आली पाहिजे, ते म्हणाले, नाहीतर ती त्यांच्याबरोबर जाईल. फ्रान्समध्ये, बऱ्याच दिवसांनी तो शब्द आला, असले काठ काचेच्या कपाटात ठेवतात. खाली विणकराचं नाव लिहितात. माझ्या डोळ्यांसमोर कपाट आलं, काच आली, आणि काचेबाहेर सिल्कचं पातळ नेसून उभी असलेली मीही आले.

मी तीन दिवस बसले. मला काठ बघायलाही लागला नाही. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून काठाचा छोटा धोटा मीच फेकत असे. मधेच बाबा म्हणत, “एक उसव,” की मी एक धागा उसवी आणि पुढे चालू. बोटांनाच सगळं पाठ होतं. कागदाच्या खाली मी इंग्रजीत सही केली, शेवटच्या अक्षराला शेपटी काढून. भैयासाहेब म्हणाले, “मान्यिफिक,” म्हणजे फ्रेंचमध्ये झकास. मी म्हणाले, थँक्यू. ते तुम्हाला माहीतच आहे.

मतदानाआधी टिमकीत सभा झाली. रंगीत रुंद काठ हातमागालाच राखून ठेवा, मिलवाल्यांना तो विणू देऊ नका, ही त्या काळी विणकरांची मोठी मागणी होती. भैयासाहेब उभे राहिले, पट्टा वर ओढला आणि म्हणाले, “रंगीत काठ तुमचा हाय. माह्या मिलच्या एकाबी साच्यावर तो चढनार नाही. हा भैयासाहेबाचा शब्द हाय.” बाबांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खरं तर मी त्या ‘हाय’ला वाजवल्या, कारण तो मी शिकवलेला होता. भैयासाहेब निवडून आले.

त्या दिवाळीला मिलमधल्या आम्हा सगळ्या बायांना भेट म्हणून एकेक लुगडं मिळालं. मी ते घरी जाऊन उलगडलं. मायनं काठ हातात घेतला आणि सोडला. बाबा हात धुऊन आले, लुगडं मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं एकेक दात मोजत गेले. एकविसाव्याला थांबले. पुढे गेले, बेचाळिसाव्याला थांबले. मग बारीक डोळे करून त्या आखूड दाताकडे कितीतरी वेळ बघत राहिले. शेवटी घडी घातली आणि मायला म्हणाले, “जेवाले वाढ.”

पंधरा दिवसांत इतवारीच्या दुकानांतून तीच लुगडी लटकू लागली, आमच्यापेक्षा निम्म्या भावात. बाबांची लुगडी वर्षानुवर्षं घेणाऱ्या दुकानदारानं हात जोडून नको म्हटलं. माग बंद. ते एक वेळ सोसलं असतं. पण करवतकाठ तर सगळ्यांचाच होता, आखूड दात एकट्या आमचा. त्यामुळे टिमकीनं काय ते ताडलं, की गोविंदानं, म्हणजे बाबांनी, काठ विकला. ज्या घरी जावयाला सात वर्षं नुसता चहा मिळाला, त्या घरानं मिलला काठ विकला. बाबा विहिरीवर गेले की बोलणं थांबे. पंचांनी बोलावून विचारलं, तर ते म्हणाले, “म्या नाही देला.” मग कोनं देला, असं विचारल्यावर ते हात जोडून उठले आणि घरी आले.

मीही बोलले नाही. नोकरी जाईल ही भीती होती, पण तेवढीच असती तर मी बोलले असते. भीती ही, की टिमकीतली पहिली मॅट्रिक मुलगी मूर्ख ठरेल. घड्याळ बघत मी कामाला जात राहिले.

संक्रांतीच्या सुमाराला विणकरांच्या सोसायटीनं आमदार भैयासाहेबांचा सत्कार ठेवला. माणसं फसली आहेत हे कळल्यावरही सत्कार रद्द करत नाहीत, कारण हारांची ऑर्डर गेलेली असते. भाषण संपत आलं आणि बाबा दोन लुगडी घेऊन उभे राहिले. एक त्यांचं, एक मिलचं. दोन्ही टेबलावर ठेवून म्हणाले, साहेबांनी आपलं भिंग लावून काय ते सर्वांले सांगावं.

भैयासाहेबांनी भिंग काढलं. खूप वेळ पाहिलं. मग खुश होऊन मान वर केली. “दोघांत एका धाग्याचा फरक हाय,” ते म्हणाले. “आमच्या काठात आखूड दातापाशी एक धागा जास्त हाय. म्हंजे ही नक्कल नोहे. अन् नक्कल असनच, तर मंग कोनं कोनाची केली...” इतकं म्हणून त्यांनी मोठ्या सभ्यपणानं बाबांकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. चोर कोण ते लोकांनी ठरवावं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते बायांच्या बाजूला बघत होते, एकच क्षण. मला वाटलं, मायला शोधताहेत.

माय उठली. जन्मात ती चारचौघांत बोलली नव्हती. पदराखालून तिनं एक गाठोडं काढलं, तिचं लग्नातलं लुगडं, आणि टेबलावर ठेवलं. “हेबी पहा जी,” म्हणाली आणि डोक्यावरचा पदर नीट करून तिथंच उभी राहिली.

भैयासाहेब वाकले, आणि मी आमच्या घरी पाहिला होता तोच चेहरा पुन्हा दिसला. सभा गेली, हार गेले, आमदारकी गेली. “अहाहा,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि शिकलेली भाषाही गळून पडली. “हातची वीण आहे. रंग झाडपाल्याचा. पंचवीस वर्षांचं तर नक्कीच असेल.” बोटानं दात मोजत गेले. “आणि हा बघा, एकविसावा आखूड.” मग मान वर केली, तर सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती.

त्यांच्या मिलचं नक्षीखातं सुरू होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मागून एक म्हातारा विणकर शांतपणे म्हणाला, “फ्रान्समंधी पंचवीस वर्ष आधीच नक्कल करून ठेवतेत का जी?”

टिमकी इतकी हसली की मांडवाचा एक खांब हलला. तो माणूस कापडासमोर कधी खोटं बोलला नाही, एवढं श्रेय मी त्यांना देते. माणसांसमोर बोलायला मात्र त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. हसणं ओसरलं तसे ते उभे राहिले, गळ्यातला हार काढून बाबांच्या गळ्यात घातला आणि जाहीर केलं, की हा काठ मी आजपासून माझ्या हातमागाच्या बांधवांना परत देत आहे. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांच्या उदारपणाबद्दल आलं. विणून झालेली लुगडी मिलनं अर्थातच संपेपर्यंत विकली.

काठ विकणारा माणूस भर सभेत असा ताडून घ्यायला उभा राहत नाही, हे पटून लोक बाबांशी बोलू लागले. मागही सुरू झाला, पण पूर्वीसारखा नाही, कारण स्वस्त लुगड्याची सवय लागलेली बाई परत येत नाही. आणि मी बाणेदारपणे राजीनामा दिला, असं सांगायला मला फार आवडलं असतं. दिला नाही. लग्न ठरेपर्यंत आणखी चार वर्षं तिथंच काठ काढत होते. दुसऱ्यांचे.

भैयासाहेब पुढच्या निवडणुकीतही निवडून आले. आता मंत्री होणार, असं ते स्वतः सगळ्यांना सांगत, पण तोवर राजधानी नागपुरातून गेली होती. मंत्र्यांच्या मोटारी फाटकावरून जायच्या थांबल्या. ते खिडकीत उभे राहत, असं हेडक्लार्क सांगायचा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साठ साली, हातमागाच्या एका प्रदर्शनात. उद्घाटन त्यांच्याच हस्ते. धोतर आता पट्ट्याशिवाय राहत होतं आणि बोलणं इतकं अस्सल झालं होतं की माझ्या सासरचे लोक त्यांच्यापुढे पुणेरी वाटले असते. मी बाबांच्या हातचं लुगडं नेसून एका दुकानापाशी उभी होते. फीत कापून ते हारासकट हिंडत आले, थांबले, आणि माझ्या खांद्यावरच्या पदराचा काठ दोन बोटांत धरून त्याला भिंग लावलं. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. मोजून झाल्यावर उसासा टाकला. “हा काठ पहिले आपल्या मिलमंधी निघे,” शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले. “मोठा नामी काठ होता. कोनं काढला होता, आता याद नाही.” आणि पुढच्या दुकानाकडे गेले.

मला याद होती. कागदाखाली सही होती, शेपटीसकट.

तिथून मी सासरी गेलेच नाही, तशीच टिमकीला आले. बाबा मागावर होते. मी समोर जमिनीवर बसले आणि आठ वर्षं दाबून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. कागद, तीन दिवस, काचेचं कपाट, मादमाझेल, थँक्यू. तोंडातून सगळं ‘मले’ आणि ‘तुमाले’च निघत होतं, तेही मला नंतर कळलं. बाबांनी धोटा हातात थांबवून ऐकून घेतलं. मग म्हणाले:

“मले त्याच दिवशी समजलं होतं, इंदे. आखूड दातापाशी एक धागा जास्त घेते तू, लहानपनापासून. एवढा फ्रान्समंधी शिकून आलेला मानूस, भिंग लावलावून पाह्यलं त्यानं, अन् तुही चूकबी जशीच्या तशी विनली.”